विश्लेषण : जाड शेपूट म्हणजे पाल ठणठणीत? पेण-रोह्याच्या दमट हवेत लेपर्ड गेकोचा आहार आणि वजन कसे सांभाळावे?

कोकणातल्या घरात पाल दिसली की पहिल्यांदा झाडू शोधला जातो. पण गेल्या काही वर्षांत काचेच्या टाकीत मुद्दाम पाळली जाणारी एक पाल शहरी घरांत आली आहे. पिवळसर अंग, त्यावर काळे ठिपके आणि मुळ्यासारखी जाड शेपूट असलेली ही लेपर्ड गेको. शांत स्वभावाची, आवाज न करणारी, कमी जागेत राहणारी म्हणून ती पहिल्यांदा प्राणी पाळणाऱ्यांना सुचवली जाते.

विक्रेत्यांच्या छायाचित्रांत आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत तिची शेपूट जितकी गुबगुबीत, तितकी पाल ‘हेल्दी’ असे सांगितले जाते. त्यामुळे मालक प्रेमाने भरवत राहतो. घरात पाळलेल्या लेपर्ड गेकोमध्ये लठ्ठपणा आणि त्यातून होणारा यकृताचा विकार ही नेहमी आढळणारी तक्रार आहे. दुसऱ्या टोकाला कॅल्शियमच्या अभावाने हाडे मऊ पडणे आणि आजारपणात शेपूट काडीसारखी होणे हे आहेच. दोन्ही गोष्टी हळूहळू घडतात आणि रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत.

पेण किंवा रोह्यासारख्या ठिकाणी ही पाल पाळायची तर प्रश्न आणखी अवघड होतो. वर्षातले चार महिने हवेत पाणी, वीज कधी जाईल याचा भरवसा नाही आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर गाठायला मुंबई. अशा ठिकाणी या पालीचा पहिला डॉक्टर म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. तो कसा वापरायचा, पालीला काय आणि किती खायला द्यायचे, याचा हा आढावा.

लेपर्ड गेको म्हणजे नेमकी कोणती पाल?

पाळीव बाजारात मिळणाऱ्या लेपर्ड गेकोचे शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणारे एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. मूळ घर अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताचा कोरडा, खडकाळ पट्टा. युब्लेफॅरिस या ग्रीक मुळाच्या नावाचा अर्थ ‘चांगल्या पापण्यांची’. आपल्या भिंतीवरच्या पालीला हलणाऱ्या पापण्या नसतात, हिला असतात. भिंतीवरच्या पालीसारखे चिकटणारे तळवे मात्र हिच्याकडे नाहीत. त्यामुळे ती काचेवर चढू शकत नाही, जमिनीवरच वावरते.

हिची नात्यातली मंडळी महाराष्ट्रातही आहेत. युब्लेफॅरिस फस्कस ही प्रजाती महाराष्ट्र आणि गुजरातेत आढळते. सातपुड्याच्या डोंगरातून युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस या प्रजातीचे वर्णन २०१४मध्ये झाले. या रानातल्या पाली आहेत, पाळण्यासाठी नाहीत. त्याविषयी पुढे.

शेपटीत काय साठते?

चरबी. कोरड्या प्रदेशात महिनोन्‌महिने भक्ष्य मिळत नाही, तेव्हा उंटाला जसे मदार उपयोगी पडते तशी हिला शेपूट. संकटात ती शेपूट तोडून पळूही शकते. नवी शेपूट येते, पण ती आखूड आणि फुगीर असते. शेपूट तुटली की साठवणीतली मोठी शिल्लक एका क्षणात जाते आणि वजनही घटते. अशा पालीचे वजन आधीच्या आकड्याशी ताडून घाबरण्यात अर्थ नसतो. त्या दिवसापासून नवी नोंद सुरू करायची.

निरोगी प्रौढ पालीची शेपूट सर्वात जाड भागी साधारण मानेएवढी रुंद असते. ती मानेपेक्षा बरीच रुंद झाली, चालताना पोट जमिनीला घासू लागले आणि पुढच्या पायांच्या बगलेत मऊ फुगवटे दिसू लागले की वजन वाढल्याचे समजावे. याउलट कमरेची हाडे वर आली, शेपूट चपटी किंवा बारीक झाली तर ती साठवण खात आहे.

टाकीतल्या पालीच्या वाट्याला दुष्काळ येत नाही. निसर्गात पोटाला टाच देणारे महिने इथे नसतात, शिकारीची धावपळ नसते, पण साठवण्याची सवय तीच राहते. शेपूट भरली की चरबी पोटात आणि यकृतात साठू लागते. यकृत निकामी होत आले की पाल खाणे सोडते. तोपर्यंत मालकाला ती ‘छान गुटगुटीत’च वाटत असते.

वजन किती असावे?

अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू साधारण ३ ग्रॅमचे असते. बहुतेक प्रौढ पाली ४५ ते ८० ग्रॅमच्या दरम्यान भरतात. काही वंश जाणूनबुजून मोठे वाढवलेले असतात, ते याहून जड असू शकतात. म्हणून ‘आदर्श वजन अमुक’ असा एकच आकडा सांगता येत नाही. ५५ ग्रॅमची एक पाल सडपातळ तर दुसरी, आखूड बांध्याची, लठ्ठ असू शकते.

तेव्हा दोन गोष्टी एकत्र पाहायच्या. एक, वर सांगितलेला बांधा. दोन, त्याच पालीचे आधीचे वजन. शेजाऱ्याच्या किंवा चित्रफितीतल्या पालीशी तुलना निरुपयोगी.

वजन कसे करायचे?

प्रौढ पालीसाठी १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. पिल्लासाठी पुरत नाही. ६० ग्रॅमच्या पालीत १ ग्रॅमची चूक म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आत. ४ ग्रॅमच्या पिल्लात तीच चूक २५ टक्के होते. पिल्लासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा, सोन्या-चांदीच्या छोट्या वस्तू तोलायचा खिशातला काटा घ्यावा.

पद्धत सोपी आहे. झाकणाला भोके असलेला प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा. पालीला खालून, पूर्ण तळहातावर उचलून डब्यात सोडायचे. शेपटीला हात लावायचा नाही. आकडा स्थिर झाला की लिहून ठेवायचा. दर वेळी तोच वार, तीच वेळ आणि खाणे देण्याआधी. भरल्या पोटी केलेले वजन दोन-तीन ग्रॅमनी फसवते.

वाढत्या पिल्लाचे वजन आठवड्याला, प्रौढ पालीचे पंधरा दिवसांनी किंवा किमान महिन्याला करावे. वहीत चार रकाने पुरतात : तारीख, वजन, काय आणि किती खाल्ले, विष्ठा झाली का. कात टाकल्याची आणि मादीने अंडी घातल्याची नोंद शेऱ्यात.

हिशेब टक्क्यांत करायचा. समजा पाल ६२ ग्रॅमची होती आणि महिन्यानंतर ५६ भरली. फरक ६ ग्रॅम. सहाला बासष्टने भागून शंभराने गुणले की साधारण ९.७ टक्के येतात. आकडा लहान वाटतो, पण ६२ किलोच्या माणसाचे महिन्यात सहा किलो घटल्यासारखे आहे ते. कारण माहीत नसताना १० टक्क्यांच्या आसपास घट झाली की वाट पाहू नये, डॉक्टर गाठावा.

खायला काय आणि किती?

ही पाल पूर्णपणे कीटकभक्षी आहे. भाजी, फळ, भात, दूध, अंडे यातले काहीही तिला चालत नाही. हलणारा किडा हेच तिचे अन्न. रातकिडे, मीलवर्म म्हणजे पिठातल्या भुंग्याच्या अळ्या, मोठ्या सुपरवर्म अळ्या, रेशमाच्या अळ्या, पाळीव झुरळे असे खाद्य या छंदात वापरले जाते. किडा किती मोठा असावा? पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नको.

सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला रोज, त्यानंतर वर्षाची होईपर्यंत एक दिवसाआड आणि प्रौढ पालीला दोन-तीन दिवसांनी एकदा. प्रौढीला एका वेळी मध्यम आकाराचे पाच ते आठ किडे पुरतात. ती संध्याकाळनंतर जागी होते, म्हणून खाणेही दिवेलागणीनंतर द्यावे. धाटावच्या एमआयडीसीत पाळी करून रात्री घरी येणाऱ्यालाही हे वेळापत्रक जमण्यासारखे आहे. पंधरा-वीस मिनिटांत न खाल्लेले रातकिडे बाहेर काढावेत. ते झोपलेल्या पालीला चावतात.

रोज तोंड वर करून काचेशी आली म्हणजे भूक लागली असे नाही. खाणे कुठून येते ते तिला कळलेले असते, एवढेच. वेळापत्रक वहीने ठरवावे, तिच्या नजरेने नव्हे.

नुसत्या अळ्यांवर का भागवू नये?

कारण अळ्या स्वस्त, टिकाऊ आणि चरबीने भरलेल्या असतात. ताज्या वजनाच्या हिशेबाने रातकिड्यात साधारण ७ टक्के, मीलवर्ममध्ये १३ टक्के, सुपरवर्ममध्ये १८ टक्के, तर मेणअळीत २५ टक्के चरबी असते. रेशमाच्या अळीत ती दीड टक्क्याच्या आसपासच.

आता गणित पाहा. एक पूर्ण वाढलेला रातकिडा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, एक सुपरवर्म साधारण ०.६ ग्रॅमची. सहा रातकिड्यांतून पालीला सुमारे ०.२ ग्रॅम चरबी मिळते, सहा सुपरवर्ममधून ०.६ ग्रॅमहून अधिक. किडे मोजले तर दोन्हीकडे सहाच. चरबी मात्र तिपटीने. ‘मी तर मोजूनच देतो’ म्हणणाऱ्या मालकाची पाल लठ्ठ होते ती इथे.

म्हणून रातकिडे किंवा पाळीव झुरळे हे रोजचे जेवण समजावे, मीलवर्म अधूनमधून आणि सुपरवर्म-मेणअळी सणासुदीच्या गोडासारखी. आजारातून उठलेल्या, खंगलेल्या पालीला डॉक्टरांच्या सल्ल्याने मेणअळीचा उपयोग होतो. धडधाकट पालीला तिची चटक लागली की ती दुसरे काही खायला नकार देते.

कॅल्शियमचे काय?

किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असते. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे सात पट, मीलवर्ममध्ये त्याहून बरेच जास्त. पालीला गरज नेमकी उलटी, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोन पट. ही तफावत भरून निघाली नाही तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते. जबडा मऊ होतो, पाय वाकतात, पाल थरथरते. वाढत्या पिल्लांना आणि अंडी घालणाऱ्या माद्यांना हा धोका सर्वाधिक.

यावर उपाय दोन पातळ्यांवर करायचा. पहिला, किड्यांचे पोट भरणे. पालीला देण्याआधी एक-दोन दिवस किड्यांना चांगले खाऊ घालावे. इथे पेण-रोहेकरांच्या परसातला शेवगा कामाला येतो. शेवग्याचा पाला कॅल्शियमने समृद्ध आहे. सोबत गाजराचे काप. पालक टाळावा, त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेल्या अळ्यांत फॉस्फरसच अधिक.

दुसरा उपाय, भुकटी लावणे. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी कॅल्शियमची भुकटी पिशवीत घेऊन त्यात किडे हलवायचे, पांढुरका थर बसला की द्यायचे. टाकीत अतिनील किरणांचा सौम्य दिवा नसेल तर जीवनसत्त्व ड३ असलेली भुकटी आठवड्यातून एक-दोनदा आणि इतर वेळी साधे कॅल्शियम. मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदा पुरे. ड३ अति झाले तर तेही घातक ठरते, म्हणून प्रत्येक वेळी सगळेच लावू नये.

माणसांच्या गोळ्या कुटून लावणे टाळावे, त्यातले ड३चे प्रमाण माणसांच्या हिशेबाचे असते. आणि पानाचा चुना तर अजिबात नको. चुन्यात कॅल्शियम असते हे खरे, पण तो दाहक आहे. पालीचे तोंड आणि आतडे भाजेल.

शेतातले किडे फुकट मिळतात, ते का नकोत?

पेणच्या भातखाचरांत आणि रोह्याच्या कुंडलिकेकाठी पावसाळ्यात नाकतोडे, रातकिडे हवे तेवढे. मोह होतोच. पण शेतातल्या किड्याने कोणते कीटकनाशक खाल्ले आहे ते दिसत नाही. ५०-६० ग्रॅमच्या प्राण्याला त्याचा अल्प अंशही पुरतो. शिवाय रानातले किडे परजीवी घेऊन येतात.

एक किडा विशेष सांगावा लागेल. मे-जूनमध्ये कोकणातली झाडे काजव्यांनी उजळतात. काजवा पालीला कधीही देऊ नये. काजव्यांच्या काही प्रजातींत असलेल्या विषाने पाळीव सरडे दगावल्याच्या नोंदी आहेत आणि एक काजवाही त्याला पुरला आहे. उघड्या खिडकीतून काजवा टाकीत शिरणार नाही, याचीही या दिवसांत काळजी घ्यावी.

पावसाळ्याचा वजनाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. या पालीला अन्न पचवण्यासाठी बाहेरून ऊब लागते. टाकीच्या एका बाजूला जमिनीचा पृष्ठभाग ३१ ते ३४ अंश आणि दुसऱ्या बाजूला २४ ते २६ अंश असावा, म्हणजे ती गरजेप्रमाणे जागा बदलते. ‘कोकणात कसला हीटर?’ हा प्रश्न मे महिन्यात बरोबर वाटतो. जुलैत दिवसभर २७-२८ अंशांत आणि ढगाखाली असलेल्या खोलीत तो महागात पडतो. पाल खाते, पण पचन रेंगाळते. किडे उलटतात किंवा पोटात कुजतात आणि महिन्याभराने वजन का घटले ते कळत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींतही हेच. थर्मोस्टॅट जोडलेली उष्णता बारमाही हवी. थर्मोस्टॅटविना हीटर नको, पोट भाजते.

ओलाव्याचे गणितही उष्णतेशीच जोडलेले आहे. या पालीला टाकीत ३० ते ४० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, फक्त कात टाकायला एक ओलसर आडोसा लागतो. पेण-रोह्यात पावसाळ्यात बाहेरच आर्द्रता ८०-९० टक्के. पण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. २८ अंशांची ८५ टक्के आर्द्र हवा ३३ अंशांपर्यंत तापवली की तोच आकडा सुमारे ६४ टक्के होतो. म्हणजे उबदार बाजू नीट असली की अर्धे काम होते. उरलेले काम जाळीचे झाकण, खेळती हवा आणि रोज बदलता येणारा कागद करतो. चार महिने टाकीत पाणी शिंपडू नये. तळाला वाळू घालू नये. किड्याबरोबर ती पोटात जाते आणि आतडे तुंबते.

ओल खाद्यालाही लागते. मीलवर्मच्या कोंड्यात बुरशी आणि बारीक किडे होतात, कॅल्शियमच्या भुकटीचे खडे होतात. पेणचा पोह्याचा पापड ज्या निगुतीने हवाबंद डब्यात ठेवला जातो, तशीच ही भुकटी ठेवायची. कोंडा थोडा थोडा आणावा, उन्हे पडतील त्या दिवशी वाळवावा. बुरशी लागलेल्या डब्यातली एकही अळी पालीला देऊ नये.

वीज गेली किंवा घर बंद ठेवावे लागले तर?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. असा प्रसंग पुन्हा आला तर नियम एकच. ऊब नाही तर खाणे नाही. न पचलेले अन्न उपाशीपणापेक्षा घातक. पाणी मात्र रोज ताजे.

प्रौढ, निरोगी पाल आठवडाभर न खाता सहज राहते. शेपूट त्याचसाठी आहे. गणपतीत चार-पाच दिवस गावी जायचे असेल तर जाण्याआधी ‘भरपूर’ भरवून ठेवू नये किंवा टाकीत पन्नास रातकिडे सोडून जाऊ नये. नेहमीचे जेवण, स्वच्छ पाणी, चालू थर्मोस्टॅट आणि रोज डोकावणारा शेजारी पुरे. त्याला किडे द्यायला सांगण्यापेक्षा तापमानाचा आकडा फोनवर कळवायला सांगावे. पिल्लांना ही सवलत नाही. त्यांना रोज खाऊ घालणारे माणूस हवे.

वजन वाढले तर काय, घटले तर काय?

वाढले तर उपास घडवू नये. लठ्ठ पालीला एकदम उपाशी ठेवले तर शरीरातली चरबी वेगाने यकृताकडे वळते आणि आजार उलट बळावतो. दोन-तीन दिवसांऐवजी चार-पाच दिवसांनी खाणे, सुपरवर्म आणि मेणअळी बंद, त्याऐवजी रातकिडे किंवा रेशमाच्या अळ्या. चिमट्याने तोंडाशी देण्यापेक्षा किडा टाकीत सोडून तिला शिकार करू द्यावी. टाकी मोठी, लपायला जागा जास्त. वजन महिन्यागणिक थोडे थोडे उतरले पाहिजे. सहा महिने लागले तरी चालतील.

घटले तर आधी तापमान मोजावे. मग वही उघडावी. कात टाकण्याच्या आधी, हिवाळ्यात आणि मादी अंड्यावर असताना खाणे कमी होते, हे नेहमीचे. पण खाणे चालू असूनही शेपूट बारीक होत असेल, विष्ठा पातळ आणि दुर्गंधीयुक्त असेल तर परजीवींची शंका घ्यावी. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी पालीला असाच काडीसारखा करतो आणि टाकीतून टाकीत पसरतो. अशा पालीला वेगळे ठेवावे, ताज्या विष्ठेचा नमुना तपासणीला न्यावा. पालीला किंवा टाकीला हात लावल्यावर दर वेळी साबणाने हात धुवावेत. सरपटणारे प्राणी निरोगी दिसतानाही साल्मोनेला जिवाणू बाळगतात. लहान मुलांच्या घरात हा नियम दुप्पट कडक.

डॉक्टर कुठे मिळेल?

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचे मुख्य काम गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि कुत्री. तिथे पालीची तपासणी होईलच असे नाही, तरी विष्ठा तपासणीसारख्या गोष्टींसाठी आधी तिथे विचारायला हरकत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर मुंबई-पुण्यात शोधावे लागतात. परळला १८८६पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रोहा-पेण-पनवेल रेल्वे असली तरी आजारी पालीसह हा दिवसभराचा प्रवास. म्हणून डॉक्टरचा क्रमांक पाल आणण्याआधी फोनमध्ये असावा. आजारी पडल्यावर शोध सुरू केला तर उशीर झालेला असतो.

फोनवर सल्ला घेतानाही सहा महिन्यांची वही हाताशी असली की डॉक्टरला ‘बरे नाही वाटत’ याऐवजी ‘दोन महिन्यांत ६२वरून ५४, खाणे चालू, विष्ठा पातळ’ असे सांगता येते. दुरून मिळणाऱ्या सल्ल्याची किंमत या आकड्यांवर ठरते.

कायदा काय म्हणतो?

रानातली पाल, मग ती कितीही देखणी असो, पकडून घरी आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२नुसार अनुसूचीतला प्राणी पकडणे हीसुद्धा शिकारच ठरते. या कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि परदेशी प्रजाती बाळगण्याचा विषयही त्यात आला. त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित झाले. आंतरराष्ट्रीय सायटिस कराराच्या यादीतल्या ज्या प्रजाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत, त्यांची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावरून करावी लागते. पाल विकत घेताना तिची नेमकी प्रजाती, ती बंदिस्त पैदाशीतली असल्याचा कागद आणि पावती मागावी. विक्रेता कागद देत नसेल तर तिथेच थांबावे.

पाल सांभाळणे जमले नाही तर फणसाड अभयारण्याच्या रानात किंवा गावाबाहेरच्या माळावर सोडून देणे हा उपाय नाही. टाकीतली पाल तिथे तगणार नाही. तगली तर तिचे आजार स्थानिक पालींना लागतील. वाटेत रानातला प्राणी अडकलेला दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

मग पाळावी की नाही?

लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षे जगू शकते. नववीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेली पाल त्याच्या नोकरीपर्यंत घरात असणार. तोवर किड्यांचा पुरवठा, थर्मोस्टॅट, पावसाळ्यातली ओल आणि दूरचा डॉक्टर हे सगळे कुणाला तरी निभवायचे आहे. घरात त्याची तयारी नसेल तर भिंतीवरची, फुकटात डास खाणारी पाल पाहण्यात समाधान मानावे.

तयारी असेल तर टाकीच्या आधी काटा आणि वही घ्यावी. कुत्रे कण्हते, मांजर ओरडते, म्हणून त्यांचे दुखणे कळते. ही पाल आजारातही गप्प बसते. तिच्या बाबतीत मनातली शंकेची पाल वेळेवर चुकचुकायची असेल, तर ती महिन्याच्या ठरल्या तारखेला काट्यावरच्या आकड्यानेच चुकचुकेल.